रिकाम्या बाटलीतलं सिरामाईड

मी उमेदीची सगळी वर्षं न दिसणारी वस्तू बनवण्यात घालवली. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "कंपनीत तू नक्की काय करतेस गं?", तर मी सांगायचे, "चरबी बनवते." मग समोरची बाई माझ्याकडे आणि माझ्या ताटातल्या जिलेबीकडे पाहून गप्प बसायची. मला त्यात फार मजा यायची. अजूनही येते.

गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांची. आमची कंपनी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला एमआयडीसीत होती. कापडाच्या रंगांना लागणारा कच्चा माल तिथे बनायचा. बाहेरच्या गटाराचा रंग पाहून आज आत कोणता बॅच चालू आहे ते मी फाटकातूनच सांगत असे. मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेली, विद्यापीठात नंबरात आलेली, आणि नोकरीत मात्र सकाळ-संध्याकाळ ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत टायट्रेशन करणारी. ते काम शेंबडं पोरही करील असं मी एकदा साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. माणूस हसरा, पण हिशेबाला पक्का. ते म्हणाले, "मॅडम, अवघड काम आलं की पहिलं तुम्हालाच देतो. प्रॉमिस."

आणि ते आलं. साहेबांच्या कॉलेजातल्या एक वर्गमैत्रीण मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पेशींवर काम करायच्या. राहायच्या ठाण्याला, वर्तकनगरात. आम्ही सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणायचो. त्यांना प्रयोगासाठी सिरामाईड लागायचं. ते परदेशातून मागवायचं म्हणजे महिनोन्‌महिने वाट पाहायची, मग ते विमानतळावर कस्टममध्ये अडकायचं, आणि सुटेपर्यंत उन्हात शिजून निघायचं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "हे आपल्याकडे जमेल का?" मी म्हटलं, "जमेल." सिरामाईड म्हणजे काय ते मी त्यानंतर लायब्ररीत जाऊन पाहिलं.

ते काय असतं ते सांगते, अवघड नाही. आपल्या प्रत्येक पेशीला चरबीची एक पातळ साल असते. त्या सालीत अनेक प्रकारच्या चरब्या, त्यातली एक सिरामाईड. पेशीची मरायची वेळ आली की तिच्यात सिरामाईड वाढतं, असं तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात येऊ लागलं होतं. मग प्रश्न असा की ते वाढतं म्हणून पेशी मरते, की पेशी मरायला लागली म्हणून ते वाढतं? हे ठरवायचं तर धडधाकट पेशीला बाहेरून सिरामाईड देऊन बघायला हवं. पण नैसर्गिक सिरामाईडला दोन लांबलचक शेपट्या असतात. ते पाण्यात विरघळतच नाही, मग पेशीत शिरणार कसं? म्हणून एक शेपूट तोडून आखूड केलेलं, माणसाने बनवलेलं सिरामाईड वापरतात. ते पेशीत सहज शिरतं.

आणि एवढ्याने भागत नाही. त्याच्याबरोबर त्याची जुळी बहीण लागते. दिसायला, वजनाला जवळजवळ तीच, फक्त एका जागचा दुहेरी बंध तिच्यात नसतो. ही बहीण पेशीला काही करत नाही. पहिलीने पेशी मेल्या आणि दुसरीने जगल्या, तरच म्हणता येतं की मारणारं सिरामाईडच होतं. दोघीही शुद्ध पाहिजेत. एकीत दुसरीचा अंशही असला तर सगळा प्रयोग पाण्यात.

साहेबांनी मला मागची एक खोली दिली. तिथे आधी ॲसिडचे रिकामे कारबॉय, म्हणजे मोठाले कॅन, ठेवत. मी ती धुऊन घेतली, चुना लावून घेतला, आणि आत माझं राज्य सुरू झालं. प्लास्टिकला बंदी, कारण क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधलं नको ते ओढून घेतो. डोक्याला खोबरेल लावून येणाऱ्याला बंदी, कारण काचेला तेलाचं बोट लागलं की माझ्या चाचणीत भलताच डाग उमटतो. भांडी आधी साबणाने, मग पाण्याने, मग मिथेनॉलने, मग क्लोरोफॉर्मने. मी घरी सोवळंओवळं अजिबात न मानणारी बाई. नवरा म्हणायचा, "आमची आजी बरी, तिचं सोवळं दुपारी सुटायचं तरी." चिडवणं खरं होतं.

सेरीन नावाच्या अमिनो आम्लापासून सुरुवात करायची, त्याला कार्बनची लांब माळ जोडायची, बंध हवा त्याच बाजूला वळवायचा, शेवटी आखूड शेपूट लावायची. लिहायला एक ओळ, करायला माझी चार-सहा महिन्यांची झोप. कधी मधल्या पायरीवर डांबर हाती आलं. कधी लाइट गेली आणि थंड ठेवायचं ते उकळलं. पण ज्या दिवशी काचपट्टीवर एकच एक गोल, स्वच्छ डाग उमटला आणि त्याच्या मागे-पुढे काहीही नव्हतं, म्हणजे भेसळ शून्य, त्या दिवशी मी त्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाईंनी त्यांच्या संस्थेतल्या मोठ्या यंत्रावर तपासलं आणि निरोप पाठवला: परदेशी मालापेक्षा स्वच्छ आहे. साहेबांनी सगळ्या कंपनीला सामोसे वाटले. मी दोन खाल्ले.

पहिल्या खेपा मी अल्कोहोलमध्ये विरघळवून पाठवल्या. चिमुकल्या पारदर्शक काचेच्या बाटल्या, आत पाण्यासारखा द्राव. बाटली फुटू नये म्हणून ती फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत कापूस घालून बसवायची. त्या डब्या तेव्हा घरोघरी असत. कुणी त्यात हळदीकुंकू ठेवायचं, कुणी सुपारी, मी सिरामाईड. आमच्या एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी मी डब्या घरी आणायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे, आणि शुक्रवारी सकाळी डॉक्टरबाई संस्थेत जायला निघायच्या आत वर्तकनगरात पोचवायचे. व्यवस्था झकास चालली होती.

मग उन्हाळा आला. बाटल्यांतला अल्कोहोल झाकणातून उडू लागला. द्राव कमी झाला की त्याची तीव्रता वाढते, म्हणजे मोजमाप चुकतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही अल्कोहोल उडवूनच पाठवा. मी संस्थेत मोजून घालीन." बरोबर होतं. मी द्रावावरून नायट्रोजनचा झोत सोडून तो सुकवायला लागले, आणि हवा-ओल लागू नये म्हणून बाटलीत नायट्रोजन भरूनच झाकण लावायचे. खाली उरायचं ते काचेला चिकटलेलं, अगदी पातळ कवच. उजेडात तिरकं धरून पाहिलं तर कळायचं, नाहीतर बाटली साफ रिकामी दिसायची. तीच ती माझी न दिसणारी वस्तू.

आणि तिथून पुढे घात झाला.

सुकवलेली पहिली खेप गेली. आठवड्याने मी वर्तकनगरात गेले तर डॉक्टरबाईंनी चहा विचारला नाही. त्या चहा विचारत नाहीत म्हणजे काहीतरी गंभीर आहे. म्हणाल्या, "तुमच्या मालात दाणे आहेत. अल्कोहोल घातला, गरम केलं, हलवलं, तरी तळाला पांढरे दाणे राहतात."

"शक्य नाही," मी म्हटलं.

"दोन्ही बाटल्यांत आहेत. सिरामाईडमध्ये पण आणि त्याच्या बहिणीत पण."

"मग कुणीतरी तुमच्याकडे—"

"बाटली मी स्वतः उघडते, माझ्या हाताने."

पुढच्या खेपेतही दाणे निघाले. त्याच्या पुढच्यातही. मी प्रत्येक वेळी त्याच बॅचची एक बाटली खोलीत ठेवून घ्यायचे. ती अल्कोहोल घालताच निवळशंख व्हायची. माझ्याकडे एकही दाणा नाही आणि डॉक्टरबाईंकडे प्रत्येक बाटलीत दाणे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

डॉक्टरबाईंचा तर्क होता सिलिकाचा. मी माल शुद्ध करायला काचेच्या नळीत सिलिकाची पांढरी पूड भरून त्यातून तो गाळायचे. ती पूड मालाबरोबर खाली उतरत असणार आणि सुकवल्यावर दिसत असणार, असं त्यांचं म्हणणं. तर्क वाईट नव्हता, म्हणून तर मला जास्त झोंबला. त्या शांतपणे म्हणाल्या, "किती विरघळलं आणि किती तळाला राहिलं हे मला ठाऊक नसेल तर मी पेशींना किती दिलं हे मी कसं सांगू? मी त्या मालावर केलेले सगळे प्रयोग बाजूला ठेवले आहेत. पुढच्या शुक्रवारपर्यंत स्वच्छ माल आला नाही, तर मला पुन्हा परदेशातूनच मागवावं लागेल."

साहेबांना हे कळलंच. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, माझी तक्रार नाही. बट लूक, ती खोली मी पॅशन म्हणून दिलेली. डॉक्टरबाईंनी घेतलं नाही तर ठाण्या-मुंबईत दुसरं कोण घेणार? मला ड्रम ठेवायला जागा नाहीये."

 टायट्रेशनच्या टेबलावर तेव्हा एक नवीन मुलगा बसायचा. खोली गेली तर मी पुन्हा त्याच्या शेजारी बसून आयुष्यभर थेंब मोजणार हे मला लख्ख दिसलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, डोंबिवलीत असलं काही बनत नाही, बनणारच नाही, असं म्हणणारे सगळे खरे ठरणार. पिकतं तिथे विकत नाही हे ठाऊक होतं, पण इथे पिकतच नाही असं कुणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नव्हते.

मी डॉक्टरबाईंकडून दाणे असलेली एक बाटली परत मागून आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार आतून लावून घेतलं.

एक दाणा चिमट्याने काढला. भिंगाखाली धरला. सिलिका पिठासारखी असते. हा दाणा कडा असलेला, चकाकणारा, खड्यासारखा. क्लोरोफॉर्ममध्ये टाकला, ढिम्म. अल्कोहोलमध्ये, ढिम्म. मग काचेवर पाण्याचा एक थेंब घेतला आणि त्यात टाकला. दाणा कडांनी झिजत गेला आणि बघता बघता नाहीसा झाला.

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. सिलिका जन्मात पाण्यात विरघळायची नाही. म्हणजे माझा कॉलम, ती सिलिकाची नळी, निर्दोष होता. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि संन्यासी मी!

उरलेले दाणे काचेच्या पट्टीवर घेऊन मी ती पट्टी गरम तव्यावर ठेवली. दाणे आधी वितळले, मग पिवळे झाले, मग तांबूस, आणि त्यांना बुडबुडे आले. आमच्या त्या खोलीत ॲमोनिया, क्लोरोफॉर्म आणि शेजारच्या शेडमधल्या रंगाचा वास सतत मिसळलेला असायचा. त्या सगळ्याला बाजूला सारून एक वास आला, जो ओळखायला विद्यापीठात नंबर काढावा लागत नाही. चिक्कीचा पाक करताना गॅस मोठा राहिला की येतो तो.

साखर!

मी तशीच पट्टी चिमट्यात धरून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "हुंगा," म्हटलं. त्यांनी हुंगलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, हे तर..."

"साखर आहे. माझ्या मालात साखर! माझ्या खोलीत चहा होत नाही, चहाचा कप येत नाही. ही साखर त्यांच्या संस्थेत पडते. कुणीतरी चहा पिता पिता बाटल्या हाताळतंय, आणि नाव माझं खराब!"

साहेब म्हणाले, "आत्ता फोन करू नका. तुमचा आवाज असा आहे की फोन लावला नाही तरी वर्तकनगरात ऐकू जाईल. उद्या शुक्रवार आहे, समोरासमोर बोला. पण बोला."

मी बोलणारच होते. घरी येईपर्यंत मी डॉक्टरबाईंना ऐकवायची वाक्यं जुळवत होते. शेवटचं वाक्य असं होतं की त्यावर त्यांना उत्तरच देता येऊ नये. नव्या खेपेच्या दोन बाटल्या पर्समध्ये होत्या. मी दारातून आत आले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. शेजारणीने परवा अळूवड्या दिल्या होत्या, तो स्टीलचा डबा त्यांनी घासूनपुसून ठेवला होता. आता तो परत द्यायचा होता. त्यांनी साखरेच्या बरणीचं झाकण उघडलं, चिमूटभर साखर त्या डब्यात टाकली, झाकण लावलं, आणि शेजारी जायला वळल्या.

मी चप्पल पायात ठेवूनच उभी राहिले.

रिकामं भांडं कुणाच्या घरी द्यायचं नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते अंगात असतं. निदान साखरेचे चार दाणे तरी घालायचे. माझी आई घालायची, मी घालते.

"आई," मी विचारलं, "तुम्ही माझ्या बाटल्यांत साखर घालता?"

"कुठल्या?"

"फ्रीजमधल्या. काळ्या डबीतल्या."

"हो, घालते की." त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता. "तू पूर्वी त्यात औषध न्यायचीस, तेव्हा नाही घातली. आता गेले किती दिवस बघते, रिकाम्या बाटल्या घेऊन त्या डॉक्टरीणबाईंच्या दारात जातेस. सवाष्ण बाई, सकाळच्या वेळी, रिकामी बाटली घेऊन! मी डबी उघडली, बाटलीत बघितलं, काही नाही. म्हटलं, दोन दाणे घालावेत. तुझंच काम व्हावं म्हणून गं. का, चुकलं काही?"

मी भिंतीला टेकले आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई घाबरल्या, त्यांनी मला पाणी आणून दिलं. मी त्यांना सांगितलं की ती बाटली रिकामी नसते. त्यांचा विश्वास बसेना. मग मी पर्समधली नवी बाटली काढली आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. त्यांनी चष्मा लावून, डोळे बारीक करून खूप वेळ पाहिलं. "हो गं," त्या हळूच म्हणाल्या, "काचेवर श्वास टाकल्यासारखं काहीतरी आहे." आणि मग त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळे तुझ्या नोकरीवर..."

"नोकरी नाही, खोली."

"उद्या मी येते तुझ्याबरोबर. मी केलं, मीच सांगते."

मी नको म्हटलं. डॉक्टरबाईंना ऐकवायची माझी सगळी वाक्यं एव्हाना फुकट गेली होती, आणि चोर माझ्याच स्वयंपाकघरात सापडला हे सांगायला जायचं म्हणजे नाही म्हटलं तरी नाक खाली. पण सासूबाई एकदा ठरवलं की ठरवलं. सकाळी त्या नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोली माळून माझ्या आधी तयार होत्या.

वर्तकनगरातल्या दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरबाईंनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बाई, दाणे साखरेचे आहेत आणि ते मी घातलेत. हिचा काही दोष नाही. हिचं काम चोख आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं, सवाष्णीपासून साखरेपर्यंत.

डॉक्टरबाई आधी ऐकत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग सोफ्यावर बसल्या आणि माझ्याइतक्याच हसल्या. "अहो, माझी आई सुद्धा अस्संच करते! मी संस्थेतून रिकामा थर्मास घरी आणला तर मला ओरडते!"

आणि मग हसता हसता त्या एकदम गप्प झाल्या. त्यांच्या डोक्यात जे आलं ते माझ्याही डोक्यात त्याच क्षणी आलं असणार, कारण आम्ही दोघी एकदमच बोललो.

"साखर अल्कोहोलमध्ये विरघळत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे तळाला राहिली ती फक्त साखर," त्या म्हणाल्या. "सिरामाईड सगळंच्या सगळं वर विरघळलेलं होतं. मी मोजलं तेवढंच. पूर्ण."

"आणि चुकून दाणा गेला असता, तरी पेशी ज्या रसात वाढवता त्यात साखर असतेच की."

"असते." त्या उभ्या राहिल्या. "मी बाजूला ठेवलेले प्रयोग... त्यात सिरामाईडने पेशी मेल्या होत्या. बहिणीने जगल्या होत्या. इतकं स्वच्छ उत्तर आलं होतं की मलाच वाटलं, दाण्यांमुळे काहीतरी घोटाळा आहे. अहो, ते सगळं बरोबर होतं!"

त्या क्षणी मला जे वाटलं ते सरळच सांगते: मला आभाळ ठेंगणं झालं. बाटली उघडली गेली होती, नायट्रोजन उडून गेला होता, ओल लागली होती, वर साखर पडली होती, आणि एवढं सगळं होऊनही माझा माल जागचा हलला नव्हता. डॉक्टरबाईंनी चहा टाकला. सासूबाईंनी साखर कमी घ्यायची असं ठरवलेलं असूनही त्या दिवशी दोन चमचे घेतली.

प्रयोग पुन्हा करायचाच होता, शास्त्राचा तो नियम आहे. नव्या दोन्ही बाटल्या अल्कोहोल घालताच निवळल्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना संस्थेत बोलावलं. मी इतके महिने बनवत होते, पण माझी वस्तू काय करते ते मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

त्यांनी आधी जुळी बहीण घातलेल्या पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी डोळा लावला. पेशी बशीच्या तळाशी हातपाय पसरून निवांत पडल्या होत्या, एकमेकींना खेटून. रविवारी दुपारच्या जेवणानंतर आमच्या घरात असतं तसं. मग त्यांनी दुसरी बशी ठेवली. तिथल्या पेशी आकसून गोल झाल्या होत्या, सालीला फोड आले होते, कितीतरी तर तळ सोडून तरंगत होत्या. दोन बश्यांत फरक एवढाच, की एकीत तो एक बंध होता आणि एकीत नव्हता. तो बंध मी बसवला होता, मानपाड्याला, कारबॉयच्या खोलीत. मला ओरडावंसं वाटलं. सासूबाई शेजारी होत्या म्हणून आवरलं, पण त्यांचा हात मी इतका घट्ट दाबला की त्यांची बांगडी पिचली.

मग त्यांनीही पाहिलं. बराच वेळ दोन्ही बश्या आलटूनपालटून पाहिल्या. "हे सगळं त्या बाटलीतल्याने केलं?"

"हो."

"जे मला दिसलंच नाही, त्याने?"

"हो, आई."

त्यांनी सूक्ष्मदर्शकाला आधी आणि मला नंतर नमस्कार केला. मी त्यांचे हात धरले. सुनेला कुणी नमस्कार करतं का, असं म्हणून मी रागावले, पण त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

डॉक्टरबाईंनी त्यांचं पुढचं सगळं काम आमच्याच मालावर केलं. त्यांच्याकडे पाहून आणखी दोन-तीन संस्थांनी विचारणा केली. साहेबांनी ड्रमसाठी मागे पत्र्याची शेड बांधली आणि खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी लावली. पाटीवर 'लिपिड विभाग' असं लिहिलं होतं. विभागात मी एकटीच होते. मी त्या पाटीखाली उभी राहून फोटो काढून घेतला, आणि त्या रोलची डबीसुद्धा वाया जाऊ दिली नाही.

त्या वर्षी दिवाळीत डॉक्टरबाई डोंबिवलीला आमच्या घरी आल्या. फराळाच्या डब्याबरोबर त्यांनी एक पुठ्ठ्याचं खोकं दिलं. आत माझ्याच वर्षभराच्या बाटल्या, धुऊन परत केलेल्या. प्रत्येकीत काठोकाठ साखर. "तुमच्या सासूबाईंच्या घरी रिकामी भांडी कशी परत करायची?" त्या म्हणाल्या. सासूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या बाटल्या देवासमोर ओळीने मांडल्या. मी तेवढं बजावलं की प्रयोगशाळेतली साखर आहे, तोंडात घालायची नाही. त्यांनी देवालाही तसं सांगितलं असावं.

सासूबाई पुढे बरीच वर्षं आमच्याकडे होत्या. शेवटी शेवटी त्यांना नीट दिसतही नसे. पण दर शुक्रवारी सकाळी मी निघाले, की त्या हात पुढे करायच्या. मी डबी उघडून बाटली त्यांच्या तळहातावर ठेवायचे. त्या ती खिडकीकडे धरायच्या, तिरकी करायच्या, आणि माझ्याकडे वळून विचारायच्या, "रिकामी नाही ना गं?"

"नाही आई. भरलेली आहे."

"मग जा."

आणि मी जायचे.